उंटिणीच्या वाट्याचं

“डब्बा अंदर नै जाता चचा. खाने का सामान मना है,” असं म्हणत दारावरच्या गार्डनं काशप्पाच्या हातातली पिशवी धरून ठेवली.

“खायाला न्हाई त्यो,” काशप्पा म्हणाला.

“मग कशाला?” गार्ड सरळ मराठीवर आला. कलबुर्गीत हे असंच चालतं. समोरचा ज्या भाषेत अडेल, त्या भाषेत त्याला ढकलायचं.

“एक भाकर हाय. दावायला आनलीय.”

आता सिनेमाला येताना भाकर कुणी दाखवायला आणतं का? गार्डनं म्हाताऱ्याला वरून खाली न्याहाळलं. कपाळावर विभूती, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. डाव्या बाजूनं त्यानं बायकोचा दंड धरला होता आणि तिचा उजवा पाय मॉलच्या गुळगुळीत फरशीवरून घासत येत होता. मागं त्यांची मुलगी शैलश्री मोबाइलवर तिकिटं काढून उभी होती. ती कलबुर्गीतच शाळेत शिकवायची. सांगून सांगून दमल्यावर जसा चेहरा होतो, तसा तिचा झाला होता.

“अप्पा, फोनवर दोनदा सांगितलं हुतं की मी. भाकर आत सोडत न्हाईत म्हणून.”

“तू सांगितलंस. मी आयकलं. आन् आनली.”

गार्डनं डबा उघडला. वर शेंगाची चटणी, खाली ज्वारीची भाकर. वासानं त्याचा आवाज जरा मऊ झाला. “कोन्या गावचं, अप्पा?”

“बसवकल्यान. भुवन टाकीजमदी आपरेटर हुतो मी.”

झाकण लावता लावता गार्डचा हात थांबला. “भुवन टाकीज? जितं उंटाचा पिच्चर लागलता? आन् माइकवर कुनीतरी सांगायचं?”

“मीच सांगायचो. अर्धं मी, अर्धं ही.”

“माय गं,” तो म्हणाला. त्याचं नाव नरसिंग, गाव मंठाळ. सातवीत असताना एका टेम्पोत बावीस पोरं कोंबून ते त्या सिनेमाला आले होते आणि घरी जाऊन आठवडाभर दुसरं काही बोलले नव्हते. त्यानं इकडंतिकडं बघितलं, घसा साफ केला आणि त्या चकचकीत दारात, ड्यूटीच्या टोपीसकट, बाईचा आवाज काढून म्हणाला, “बाळ्या, ये की रं. भाकर वाळायलीय.”

मग तो नागव्वाकडं वळला. “अव्वा, तुमीच का ती उंटीन? एकदा म्हना की. फोनमदी भरून घेतो. माझी पोरगी जेवताना लई तरास देती.”

नागव्वा त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या ओठाचा उजवा कोपरा खाली ओढलेला होता. तिथून ओघळलेली लाळ काशप्पानं टॉवेलनं पुसली.

“घसा बसलाय तिचा,” तो म्हणाला.

नरसिंगनं डबा परत पिशवीत घातला आणि तोंड दुसरीकडं करून तिघांना आत सोडलं.

घसा बसायला येत्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, दोन वर्षं होत होती. त्या दिवशी नागव्वा सकाळी चुलीपुढं बसून शेजारणीला फैलावर घेत होती, कशावरून ते आता कुणालाच आठवत नाही, आणि बोलता बोलता वाक्याच्या मधेच ती कलंडली. उजवं अंग गेलं. अंग हळूहळू थोडं परत आलं. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. आणि गेलं कुणाचं, तर नागव्वाचं! जिच्या तोंडाला उभ्या जन्मात कधी कुलूप लागलं नाही, जी झोपेतसुद्धा नवऱ्याला हिशेबानं दोन शिव्या घालायची, तिचं. देवाला बोलणं न्यायचंच होतं तर काशप्पाचं न्यायचं होतं. गावात कुणाला चार दिवस कळलंही नसतं.

बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीण बाई कलबुर्गीच्याच. त्या चांगल्या होत्या, आणि खरं बोलायच्या, हा त्यांचा दोष. “जे काय परत यायचं ते बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतं,” त्या म्हणाल्या होत्या. “पुढं फार आशा धरू नका. पण एक असतं. ज्यांना साधा शब्द काढता येत नाही, त्यांच्या तोंडून कधीकधी सवयीचं बोलणं आपोआप येतं. गाणं, वचन, रोजची शिवीसुद्धा. तसलं काहीतरी शोधा.”

काशप्पानं शोधलं. सकाळ-संध्याकाळ देवापुढं म्हणायची वचनं म्हणून बघितली. तिच्या माहेरची ओवी म्हणून बघितली. तिनं कधी खपवून घेतला नसता असा धुरकट काचेचा चहाचा पेला मुद्दाम तिच्यापुढं ठेवला, शिवी तरी येईल म्हणून. तिनं चहा पिऊन टाकला.

मग गेल्या महिन्यात शैलश्री घरी आली असताना मोबाइलवर काहीतरी बघत होती आणि त्यात एक जाहिरात लागली. उंटाचा दुसरा भाग येतोय म्हणून. तीच वाळू, तेच पिल्लू, आता मोठं झालेलं. काशप्पा चुलीपाशी होता. त्यानं वळून बघितलं तर बाजेवर बसलेल्या नागव्वाचा डावा हात हवेत उचलला गेला होता, त्याच्या दिशेनं. इतकंच. पण बुडत्याला काडीचा आधार लागतो, आणि ही तर काडीपेक्षा मोठी होती, कारण तो हात काय आहे हे एकट्या काशप्पाला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. सोळा वर्षांपूर्वी टॉकीजचे मालक पांडुरंगराव यांनी हैदराबादहून मुलांसाठी म्हणून एक कार्टूनचं चित्र मागवलं. पोस्टर हिंदी आलं आणि पेट्या उघडल्या तर रिळं इंग्रजी. खाली तीनशे पोरं. वाळवंट, एक उंटीण, तिचं पिल्लू, आणि तोंडातून नुसतं फाडफाड इंग्रजी. दहा मिनिटांत पोरांनी खुर्च्यांचा काथ्या उपसायला सुरुवात केली. काशप्पा तसा भित्रा माणूस, पण खुर्च्या त्यानं स्वतः बांधलेल्या होत्या. ‘अमक्या गावच्या तमक्यानं बाहेर यावं’ असं सांगायला केबिनमध्ये जो माइक असायचा, तो त्यानं उचलला, खालचा आवाज बारीक केला आणि गोष्ट सांगायला लागला. गोष्ट त्याला तरी कुठं कळत होती? जे दिसेल ते सांगायचं, जे दिसणार नाही ते लावायचं.

नागव्वा तेव्हा बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची. नवरा वर उंटिणीसाठी बारीक आवाज काढतोय हे ऐकून ती तरातरा जिना चढून आली.

“बाईच्या वाट्याचं बाईनं बोलावं,” ती म्हणाली आणि तिनं माइक हिसकावून घेतला.

तेव्हापासून माइक एक आणि माणसं दोन. काशप्पाला एकदा बोलायची चटक लागली की तो थांबत नसे. म्हणून नागव्वानं आपली रीत काढली. उंटिणीचं बोलणं आलं की उजव्या हातात माइक घ्यायचा आणि डावा हात नवऱ्याच्या तोंडावर ठेवायचा. तिचं बोलून झाल्याखेरीज तो हात निघायचा नाही. तळहाताला तिकिटांच्या शाईचा आणि लसणाचा वास यायचा.

चित्राच्या शेवटी पिल्लू एका टेकाडावर उभं राहून आईला हाक मारायचं आणि पडदा क्षणभर गप्प व्हायचा. त्या गप्प जागेत नागव्वा म्हणायची, “बाळ्या, ये की रं. भाकर वाळायलीय.” आणि टेकाडामागून उंटीण यायची. उंटीण भाकर कशी भाजेल, असं कुणी विचारलं नाही. खाली बायका डोळ्याला पदर लावायच्या. चित्र पाच आठवडे चाललं. हुलसूर, मंठाळ, पार उमरग्याकडून माणसं आली. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, ते खोटं नाही. पुढं कितीतरी वर्षं बसवकल्याणच्या गल्लीत संध्याकाळी बायका पोरांना त्याच शब्दांनी घरात बोलवायच्या. आता टॉकीज बंद आहे. तिथं सोयाबीनची पोती असतात.

तर, मोबाइलवर उंट दिसला आणि नागव्वाचा डावा हात उचलला गेला. काशप्पानं मनाशी पक्कं केलं. पडदा मोठा पाहिजे, अंधार पाहिजे, उंटीण पाहिजे. ती दिसली की हिच्या तोंडून तिच्या वाट्याचं निघणारच. दोन वर्षं भरायला अजून नऊ दिवस होते.

“अप्पा, इतका जीव लावून बसू नका हो,” लिफ्टमध्ये शैलश्री म्हणाली. “न्हाई बोलली तर?”

“तुला कामून तसं वाटायलंय?”

“मला तसं वाटत न्हाई. मला तुमची काळजी वाटायलीय.”

आत खुर्च्यांवरून थोडी ओढाताण झाली. शैलश्रीनं अव्वाला कडेला बसवलं होतं, उठायला बरं म्हणून. काशप्पानं नागव्वाला उठवून एक खुर्ची आत सरकवलं आणि स्वतः तिच्या डाव्या अंगाला बसला. का, ते त्यानं सांगितलं नाही.

चित्र सुरू झालं, हिंदीत. हिंदी त्याला चांगली कळत होती, आणि तेच वाईट झालं. पिल्लाचा मोठा उंट झाला होता आणि त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. सोबत एक पोपट, त्याच्या पायात मोबाइल. शर्यती, नाच, धडाधड गाणी. दर दोन मिनिटांनी कुणीतरी पादायचं आणि पोपट हसायचा. पहिल्या चित्रात वारा सुटला की पोरं डोळे मिटून घ्यायची. इथं पुढच्या रांगेतली पोरं लाह्या खात आपसांत मारामारी करत होती आणि पडद्याकडं कुणी बघत नव्हतं.

“काय बी दम न्हाई ह्यात,” शैलश्री पुटपुटली. पुढचा एक माणूसही बायकोला तेच सांगत होता, पहिला भाग बरा होता म्हणून.

काशप्पाला बऱ्यावाईटाशी देणंघेणं नव्हतं. तो उंटिणीची वाट बघत होता. कुठलीही उंटीण आली की तो खुर्चीत पुढं व्हायचा, नागव्वाच्या तोंडाकडं बघायचा, आणि ती दुसरीच निघायची.

मग एकदाचं चित्र थोडं शांत झालं. उंटानं चष्मा काढला आणि तो दगडांच्या एका ढिगाऱ्यापाशी जाऊन बसला. पोपटाला म्हणाला, “यहीं सोई है मेरी माँ. तूफ़ान में मुझे अपने नीचे छुपा लिया था. सुबह मैं उठा, वो नहीं उठी.” आणि मागचं दाखवायला पडद्यावर जुन्या चित्रातलं वादळ आलं. तेच वादळ. काशप्पानं ते दिवसातून चारदा असं पाच आठवडे दाखवलं होतं. उंटीण पिल्लावर बसते, सगळं पांढरं होतं, सकाळ होते. आणि मग वाळूत अर्धी बुडालेली उंटीण, आणि पिल्लू एकेक दगड तोंडात धरून आणून तिच्यावर ठेवतंय.

हे त्यानं कधीच बघितलं नव्हतं.

कसं बघणार? वादळाला तिसरं रीळ संपायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका येतो, डोळा लवायच्या आत जातो, आणि तेवढ्यात दुसरं मशीन चालू करावं लागतं. चुकलं तर पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या. पुढं संपलेलं रीळ उतरवून उलटं गुंडाळण्यात चार मिनिटं जायची. पस्तीस वर्षं काशप्पानं हजारो रिळांचे शेवट त्या कोपऱ्यात बघितले. वादळातून उंटीण वाट चुकली, पिल्लू एकटं पडलं, आणि शेवटी टेकाडामागून ती परत आली, असं त्यानं आपलं लावून घेतलं होतं. शेवटी आलेली उंटीण दुसरीच कुणीतरी होती. कार्टूनमधल्या उंटिणी सगळ्या सारख्याच दिसतात.

म्हणजे ती मेलेली होती. पहिल्यापासून. पाच आठवडे त्यांनी मेलेल्या बाईला बोलतं केलं होतं.

त्यानं नागव्वाकडं बघितलं. तिला धक्का बसल्याचं काहीच दिसत नव्हतं. ती ढिगाऱ्याकडं ओळखीच्या जागेकडं बघावं तशी बघत होती. आणि मग त्याला आठवलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वादळाच्या वेळी त्यानं तिला विचारलं होतं, “काय झालं गं आत्ता? आई कुठं गेली?” आणि ती केबिनच्या भिंतीतल्या चौकोनी भोकाला डोळा लावून म्हणाली होती, “तुमी तुमचा ठिपका बघा. पडदा मी बघते.”

तिनं बघितलं होतं. रोज चारदा बघितलं होतं, आणि रोज चारदा त्या मेलेल्या आईच्या तोंडून पोराला जेवायला बोलावलं होतं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. हिच्यासारखं बोलणारी बाई देवानं मुकी केली, आणि तिच्या जागी बोलायला कुणी ठेवलं नाही.

मध्यंतरात दिवे लागले.

“चला अप्पा, घरी जाऊ,” शैलश्री म्हणाली. “उंटीणच न्हाई ह्यात. कशाला बसायचं आता?”

“आर्धंच झालंय,” काशप्पा म्हणाला. त्यानं पिशवीतून डबा काढला, भाकरीचा तुकडा मोडला आणि नागव्वाच्या डोळ्यांपुढं धरला. “नागव्वा, हे बघ. वाळायलीय. काय म्हनायचं आसतं? बाळ्या…”

नागव्वानं तोंड उघडलं. काशप्पा पुढं वाकला.

ती घासाची वाट बघत होती. त्यानं तुकडा तिच्या तोंडात घातला, चटणी लावलेला दुसरा तिच्या डाव्या हातात दिला आणि ती सावकाश, डाव्या बाजूनं चावू लागली. शैलश्री उठून बाहेर गेली आणि दिवे मालवल्यावर परत आली. डोळे धुऊन आली होती.

पुढचा तास कसा गेला ते काशप्पाला सांगता आलं नसतं. पुन्हा शर्यत, पुन्हा पोपट, पुन्हा वादळ. शेवटी तो चष्मेवाला उंट सगळं हरून एका टेकाडावर एकटा उभा राहिला. चित्र करणाऱ्यांना पहिल्या भागातलं तेवढं एक बरं आठवलं असावं. त्यानं मान वर केली आणि हाक मारली, “माँ…”

कोण येणार? दगडाखालून कोण येणार? काशप्पाला ते सोसवलं नाही. त्याचा आवाज आपोआप निघाला, माइकवरचा, खणखणीत, सोळा वर्षांपूर्वीचा.

“मेली न्हाई ती! आयका लोकहो, ती मेली न्हाई. टेकाडामागं गेलीया. पोरासाठी पानी बघायला गेलीया. बघा, त्या तिकडनं येतीच आता…”

माना वळल्या. कुणीतरी खुदखुदलं. “सुम्न कूडरी अज्जा,” पुढचा माणूस कन्नडमध्ये डाफरला. गप्प बसा. शैलश्रीनं पलीकडून वाकून त्याचा शर्ट ओढला. “अप्पा, बस करा. पाया पडते.” पण त्याला थांबता येत नव्हतं. “येतीच आता,” तो म्हणत होता, “आत्ता बोलंल बघा ती, आत्ता…”

आणि त्याच्या तोंडावर हात आला.

डावा हात. हळू आला, गालावर चुकला, पण आला आणि पुरता बसला. लसणाचा वास आला, चटणीचा.

काशप्पा गप्प झाला. सगळं अंग गप्प झालं. हातावरून त्यानं तिच्याकडं बघितलं. तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. ती पडद्याकडं बघत होती, मान किंचित पुढं, भोकाला डोळा लावायची तशी. उजवा हात मांडीवर पडला होता आणि त्याची बोटं अर्धी मिटली होती, माइक धरल्यासारखी. पडद्यावर ती गप्प जागा आली. तिचे ओठ हलले. गळ्याची शीर वर आली. काशप्पा मनात म्हणत होता, म्हन, माझे माय, म्हन. काही बी म्हन.

नुसता श्वास आला. एकदा, मग पुन्हा एकदा.

मग गाणं लागलं, उंट नाचू लागले, पोपट आला, आणि चित्र संपलं.

दिवे लागले. लोक पोरांना ओढत, लाह्या तुडवत बाहेर गेले. जाताना एकदोघांनी वळून बघितलं. झाडू घेऊन दोन बायका शेवटच्या रांगेपासून झाडायला लागल्या. शैलश्री आईपाशी वाकली. “अव्वा, संपलं गं. हात काढ की आता.” तिनं तो हात धरून अलगद खाली घ्यायला बघितला.

काशप्पानं हाताखालूनच मान हलवली. नको म्हणून. तिचं अजून बोलून व्हायचं होतं.